तीळभर जड

पंखा बंद, खिडक्या बंद, श्वाससुद्धा आवरून
आम्ही नळीचं वजन करत होतो, जी:
आधी चुंबकाशिवाय, मग चुंबक लावून.
फरक यायचा तिळाएवढा.
रहांगडाले मॅडम तेवढ्यावर हसायच्या.

बाप त्यांचा चिखल्याच्या खदानीत होता,
भाताच्या घासालाही काळी बोटं लागायची.
त्याच मँगनीजचे सात अणू
मॅडमनी एका रेणूत बसवले, पंगत बसवावी तसे.
"हा दिशा लक्षात ठेवतो, इस्तारी.
पण थंडी फार लागते त्याला."
तुमसरात तेव्हा मे होता. सेहेचाळीस.

नमुना यष्टीनं नागपूर, तिथून कुठल्या कुठं.
उत्तराला सहा महिने.
तोवर बी.एस्सी.चे पेपर, लोडशेडिंग,
प्राचार्यांच्या पोरीचं लग्न.

मग एकदा आलेख आला:
जाताना एक वाट, येताना दुसरी.
मॅडमनी तो कपाटाला आतून चिकटवला.
"बघ, आठवतंय याला."

निरोपाला शाल, नारळ.
भाषणात त्यांची शिस्त आली, रेणू नाही आला.

त्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत.
तराजूचा दोरा मी खिशात घालून आणला,
घरी खिळ्याला बांधलाय.
बायको विचारते, हा कशाला?
मी उठून
पंखा बंद करतो.