शिलिंगची कळ

लुथुली रस्ता, तिसरा मजला, जिन्याच्या वळणाखाली
माझं दुकान. रुंदी दोन हात, खोली तीन,
त्यातला एक हात चार्जरांच्या गुंत्याने गिळलेला.
क्वाम्बोका आली ती दम खात,
पर्स पोटाशी धरून.
किंमत विचारायच्या आधीच म्हणाली,
बावीस हजार आहेत.

असं कुणी सांगतं का?
गिऱ्हाइकाने आपला आकडा मुठीत ठेवावा,
मी माझा ठेवतो.
मग दोन्ही मुठींनी जरा वेळ नाचावं,
हीच इथली रीत.

मी चंदेरी पुढे केला. पातळ, दिसायला नवरदेव,
सकाळी अर्धा तास पुसलेला.
तिने उघडला, मिटला, पुन्हा उघडताना
बिजागरीला कान लावला.
कुरकुरतो, म्हणाली, माझ्याकडे नांदायचा नाही.
बॅटरी?
तीन तास, मी म्हटलं.
तिने माझ्याकडे पाहिलं.
दीड.
तिने पाहणं थांबवलं नाही.
पन्नास मिनिटं, मामा, आणि तीही देवाच्या भरवशावर.

ती जमिनीच्या तंट्यांच्या साक्षी ऐकून टाइप करते.
ध्वनिमुद्रणाच्या मिनिटाला वीस शिलिंग.
माझ्या स्टुलावर बसून तिने बोटांवर हिशेब केला:
बावीस हजार म्हणजे अकराशे मिनिटं,
अकराशे मिनिटं माणसं कुंपणावरून भांडलेली.
एवढी भांडणं मी तुझ्या हातात ठेवणार,
तर नीट बघून दे.

तेव्हा मी ढिगाखालचा काळा काढला.
विलायतेतल्या कुठल्याशा कचेरीतून आलेला,
विटेसारखा जाड, कोपऱ्यात खरवडलेलं स्टिकर,
ई आणि ए ही अक्षरं पुसून गुळगुळीत,
स्पेसबार डाव्या बाजूला झिजलेला.
कोण होतं ते, डाव्या अंगठ्याचं?
तिने त्याच खळग्यात आपला अंगठा ठेवून पाहिला.

कॅमेरा गेलाय, मी आपणहून सांगितलं.
का सांगितलं, कोण जाणे.
बरं झालं, ती म्हणाली,
मला कुणी बघायचं नाहीये.
मला ऐकायचंय.

पर्समधून तिचे हेडफोन निघाले,
एका बाजूला चिकटपट्टी गुंडाळलेले.
चांगला कान तिने घेतला, पट्टीवाला मला दिला.
एक म्हातारा आमच्या दोघांच्या मध्ये बोलू लागला:
आधी अंजिराचं झाड होतं, तार नंतर आली,
तार आली तेव्हा झाडाला माझ्या उंचीवर जखम होती,
आता ती जखम बघा कुठे गेलीय, वर...
मग खोकला. लांबलचक.
तिची बोटं खाली न बघता चालली होती,
कळांचा आवाज जाड, दबका, पावलांसारखा.

खोकलाही लिहायचा?
लिहायचा. कंसात.
त्याचेही पैसे मिळतात, मिनिट तेच.

मी सव्वीस म्हणालो होतो. चोवीसवर आलो.
खाली मटाटूवाल्यांनी भोंग्यांचा कल्लोळ केला,
त्यात मी तेवीस म्हणालो, तिला ऐकू आलं नाही,
की आलं होतं?
बावीसमध्ये घरी जायचं भाडं आहे, ती म्हणाली,
उमोजापर्यंत चालत जाणार नाही मी, ही वीट घेऊन.
एकवीस हजार आठशे.
मी तो केवढ्याला घेतला होता
ते तुम्हालाही सांगणार नाही.

फोनवर पैसे येईपर्यंत ती कीबोर्ड वाचत होती.
तीनच्या डोक्यावरची ही वाकडी खूण कसली?
पाउंड. तिकडचा पैसा.
आणि शिलिंगची?

अकरा वर्षं मी ही यंत्रं विकतोय.
खाली वाकलो, चष्मा वर केला,
जणू कुठेतरी असेल, कोपऱ्यात, एखाद्या बाणाखाली.
नाही, मामा. आपला पैसा
अक्षर अक्षर जोडून लिहावा लागतो.

तिने तीन अक्षरं दाबली, पुढे आकडा,
क्षणभर बघितलं, पुसलं.
मग झाकण मिटलं
आणि जाण्याआधी, सवयीने,
पुन्हा एकदा बिजागरीला कान लावला.