रजिस्टरातलं ‘श्री.’

हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे असायचं.
छापील रकाना : पाळकाचे नाव, श्री.
पुढं ठिपक्यांची ओळ.
त्या ओळीवर तेवीस वर्षं मी लिहिलं
दुर्कस शांतवन खंडारे,
आणि ‘श्री.’ तसंच ठेवलं.
खोडायला शाई काही फार लागत नव्हती.

ती आली तेव्हा उपवासकाळ चालू होता.
दारव्ह्याच्या एसटीतून उतरली,
एक ट्रंक, एक शिलाई मशीन.
आम्ही मंडळीचे सात वडील फाटकाशी उभे.
योनाथान गुरुजींनी विचारलं,
“पाळकीणबाई, पाळकसाहेब मागच्या गाडीनं येऊन राह्यले का?”
पाळकीण म्हणजे पाळकाची बायको,
आमच्या बोलीत त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता.
ती म्हणाली, “मागच्या गाडीत माझी खाट आहे.
उतरवायला दोघं जण लागतील.”

पहिल्या रविवारी उपस्थिती नऊ.
त्यात चार लेकरं, एक बहिरी म्हातारी,
आणि मी, कारण रजिस्टर माझं.

जिल्ह्याहून आलेला पांढरा झगा
पुरुषाच्या खांद्यांना बेतलेला होता.
तिनं रात्रीतून उसवला, पुन्हा शिवला,
उरल्या कापडातून प्याल्यावर झाकायचा रुमाल काढला.
शनिवारी मनुका भिजत घालायची,
पहाटे फडक्यातून पिळायची;
अडाणच्या काठी द्राक्षं कुठली?
भाकर ज्वारीची.
“घरात होतं तेच प्रभूनं मोडलं,” म्हणायची.

मी तिच्या हातची घेतली नाही.
ओळ पुढं सरकली की
मी दानपेटी घेऊन मागच्या बाकावर बसायचो.
चिल्लर मोजायला वेळ लागतो.
सव्वानऊ रुपये मी दोनदा मोजत असे.

ताटलीत एक तुकडा उरायचा.
दर वेळी एकच.
मोजणाऱ्या माणसाला ते कळायला
किती वर्षं लागावीत?

मानधन सात-सात महिने यायचं नाही.
मग ती शाळेचे गणवेश शिवायची,
निळ्या चड्ड्या, पांढरे सदरे.
पारावरची माणसंही तिला पादरीबाई म्हणू लागली,
काजं करून घ्यायला येऊ लागली.
बायका ब्लाउजाचं माप द्यायला यायच्या
आणि भलतंच काही देऊन जायच्या.
ते कुठल्या रजिस्टरात नाही.
मशीन चालू असलं की रडणं बाहेर ऐकू येत नाही,
हे माझी सलोमी मला सांगून गेली,
फार उशिरा, दवाखान्यात.

बहिरी म्हातारी मे महिन्यात गेली होती.
नाल्यापलीकडचा मुरूम, खणायला कोणी येईना.
पाळकबाईनं झगा बाभळीला टांगला,
पदर खोचला, कुदळ घेतली.
मी नोंद केली : दफन, सायंकाळी सहा.
कुदळीचं लिहिलं नाही, त्याला रकाना नव्हता.

सलोमीला त्याच मातीत ठेवलं
तेव्हा प्रार्थना तिनंच केली.
तिथं मला मोजायला पेटी नव्हती.

निवृत्तीच्या दिवशी तिनं रजिस्टर मागितलं.
पानं चाळली. हसली.
“इंगोले, एवढ्या वेळा श्री झालेली बाई
अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नसेल.”
त्या रविवारी ताटलीत तुकडा उरला की नाही,
ते मी लिहिलेलं नाही.
खाट एसटीच्या टपावर चढवायला मात्र
दोघांतला एक मी होतो.

आता यवतमाळचा एक पोरगा मोटारसायकलवर येतो.
चांगला आहे, उपदेश आखूड करतो.
नवीन रजिस्टरं आलीत,
छापलंय : श्री./श्रीमती.
दर रविवारी मला श्रीमती खोडावं लागतं.

आज खोडलं नाही.
पोरगा वाकून बघत म्हणाला, “काका, चुकलं तुमचं.”
म्हटलं, “हो.”