गाळलेलं पाणी

लष्करीबागेतलं दोन मजली घर.
सिंघईबाई खाली, मी वर.
त्यांची उदबत्ती खिडकीतून चढत माझ्याकडे येते,
माझं सुकट जिन्यावरून उतरत त्यांच्याकडे जातं.
वासाला कुणी दार दाखवायचं?

पहिल्या वर्षी आम्ही भांडलो.
आवाज न करता.
मी सुकट भाजलं की त्या जिन्यात धूप लावत,
त्यांनी धूप लावला की मी खोकत असे,
गरजेपेक्षा थोडं जास्तच.

मग कधीतरी, न ठरवता, वेळा वाटल्या गेल्या.
दिवस मावळला की त्या घासही घेत नाहीत.
सात वाजता खालची खिडकी बंद होते,
तो खटका ऐकून मी तवा ठेवते.
पंधरा वर्षं झाली.
याला माया म्हणायचं का, मला सांगता येत नाही.
टाइमटेबल म्हणता येईल.
मी शाळेत तीस वर्षं घंटा दिली,
टाइमटेबलचा अपमान मला चालत नाही.

एकदा मी तथागतांचा फोटो पुसत होते,
तर दारातूनच त्यांनी विचारलं,
"काही मागायचं नसते, तर हात काऊन जोडता जी?"
म्हटलं, विचार करून सांगते.
अजून विचारच करून राहिली मी.
मीही विचारलं, कांद्यानं तुमचं काय बिघडवलं?
त्यांनी मुळापासून सांगितलं,
जमिनीखालच्या एकेका जिवाची चौकशी करत,
इतकं सविस्तर
की गॅसवरचा माझा कांदा करपला.

त्या वर्षी नवतपा लागला
आणि माझा पाय प्लास्टरमध्ये.
कूलर भरायचा कुणी?
दुसऱ्या दिवशी जिन्यात बादलीची कडी वाजली.
सिंघईबाई, साठी उलटलेल्या, गुडघ्यावर हात ठेवत,
अंगणातल्या विहिरीचं पाणी घेऊन वर.
टाकीच्या तोंडावर त्यांनी दुहेरी फडकं बांधलं,
हळूहळू ओतलं,
फडकं सोडून उलटं केलं,
तांब्यातल्या पाण्यानं धुऊन तेच पाणी जपून खाली नेलं,
विहिरीत परत सोडायला.

मी म्हटलं, बाई, कूलरचं पाणी हे,
कोण पिणार आहे?
त्या म्हणाल्या, "पंप फिरते ना."

मी गप्प बसले.
माझ्या खिडकीत वाळ्याच्या ताटीआड
दिवसभर तो पंप फिरायचा,
आणि त्यात कुणीही मरत नव्हतं.

त्या रात्री मी काय खाल्लं?
सुकटच.
सात वाजल्यानंतर.

आठवड्यानं पंपच बसला.
गल्लीच्या टोकाचा रफत आला, मोटार वाइंडिंगवाला.
रोजे त्या साली मे महिन्यात आले होते.
पारा शेहेचाळीसवर,
आणि तो कोपरापर्यंत हात टाकीत घालून बसलेला,
ओठांवर पापुद्रे.
मला तहान लागली होती, पण त्याच्या देखत कशी पिऊ?
सिंघईबाईंना लागली होती,
पण त्यांचं गाळलेलं खाली, माठात.
एका काठोकाठ टाकीभोवती
तीन माणसं,
तिघंही कोरडी.
तो वर पाहून म्हणाला,
"तुम्ही तरी प्या ना, मावशी, माझं काय जाते?"
कुणीच हललं नाही.

दीड तासानं पंप घरघरला,
वाळा भिजला,
खोलीभर गार ओला वास.
रफतनं नाक मुरडलं,
"हा वाळ्याचा वास डोक्यात जाते बावा आपल्या."
"आमच्या नाही जात,"
आम्ही दोघी एकदम म्हणालो,
आणि चमकून एकमेकींकडे पाहिलं.
पंधरा वर्षांत
पहिल्यांदाच एका वासावर एकमत.

तो हसला.
पैसे संध्याकाळी नेतो म्हणाला,
आणि ओले हात ओठांपासून लांब धरून
जिना उतरला.