मधल्या बोळातलं तापमान

हेमांगी,
तुझ्या बाईने काल चार रातकिडे खाल्ले.
पाचवा मी चिमट्याने काढून घेतला.
जिवंत किडा रात्रभर पेटीत ठेवू नये,
कात टाकताना तिलाच कुरतडतो,
हे तू पुण्याला जाताना तीनदा सांगितलंस.
पप्पा, वेळेवर जेवा, हे एकदा.

रातकिडे मी परसातल्या केळावर वाढवतो,
बागेतल्या सालीवर नाही, तिथे फवारणी असते,
आणि किड्याच्या पोटात गेलं ते तिच्या पोटात.
एवढं सावद्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

नर आणला तो भुसावळच्या पोराने,
आइस्क्रीमच्या डब्यात, झाकणाला भोकं पाडून.
सगळा पायच पाय, पोट नाहीच.
पुढच्या पायांना आकडे,
आपण घड टांगायला वाकवतो तसे.
बाईला तीन आठवडे पोटभर घातलं होतं.
तू म्हणालीस, भुकेली असेल तर
नवरा आणि रातकिडा यात ती फरक करत नाही.
तुझी आई मागून म्हणाली,
पोट भरलं तरी कोन करते बा?

पेटी उघडली.
कोपऱ्यात सालपट टेकवून त्याला पळायला वाट ठेवली.
हातात तुझी शाळेतली लाकडी पट्टी,
कर्कटकाने कोरलेलं नाव अजून आहे.
त्याने पाय आपटले.
थांबला.
पुन्हा आपटले,
बोंडेकाका हाक न मारता कडी वाजवतात तसे.
बराच वेळ काहीच नाही.
मग आतून तिने मातीवर टकटक केलं, दोनदा,

आणि लाइट गेली.

पट्टी कुठे घालू?
चुकून मध्ये घातली तर भांडण मीच लावणार.
तुझी आई मोबाइल घेऊन आली.
जिने त्या पेटीकडे कधी पाहिलं नाही
तिने तोंड भिंतीकडे फिरवून उजेड धरला.

त्याच्या आकड्यांत तिचे सुळे अडकलेले.
ती मागे झुकलेली, तो खाली,
दोघंही थरथरत होते.
मग त्याने एकेक पाय सोडवला,
आकडे सगळ्यात शेवटी,
आणि सुटला.
ती झेपावली ती पट्टीवर.
सात आणि आठच्या मध्ये दोन टोचे आहेत,
आलीस की दाखवतो.

नर नंतर जेवला नाही.
रातकिडा त्याच्या पायावरून चालत गेला तरी नाही.
मी पाणी बदलत राहिलो.
संक्रांतीला पाय पोटाशी घेऊन पडला होता.
भुसावळचा पोरगा म्हणाला,
काका, त्यांचं तेवढंच असतं.
तेवढंच म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

फाल्गुनात तिने पांढरी पोटली विणली, लिंबाएवढी,
आणि कवटाळून बसली.
खाणं बंद. मीही काही टाकलं नाही.

पिकवणीच्या खोलीत सोळा अंश,
बाहेर पंचेचाळीस.
तिला मी मधल्या बोळात ठेवलं,
जिथे भरलेले क्रेट गाडीची वाट बघतात,
माठाला टेकवून.
तिथे सत्तावीस, कधी अठ्ठावीस.
दुपारी दोनला माठावरचं गोणपाट कुणीतरी ओलं करतं.
मी नाही करत.

परवा पोटली उघडली. एकशे अठरा.
मुंगीपेक्षा थोडी मोठी, पारदर्शक पायांची.
एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात,
म्हणून मेडिकलवाल्याकडून रिकाम्या बाटल्या आणल्या,
झाकणांना सुईने भोकं पाडली.
प्रत्येकात रातकिड्याची एक तंगडी.
आकडे तुझ्या आईने घातले,
लोणच्याच्या बरण्यांवर तारीख घालते त्याच पेनाने.

एक्केचाळीस नंबर दोन दिवस जेवला नाही.
ती विचारते, कात टाकणार असेल ना?
मी हो म्हटलं.
मला नक्की माहीत नाही.
फोन कर.