अचूकता

दर तिसऱ्या महिन्याला मी हिउमा बेटावर जाते.
फेरीबोटीत गाडी, गाडीत पेटी, पेटीत
वाल्दुरच्या डोक्यातल्या तारांशी बोलणारं यंत्र.

झटक्यानंतर त्याला बायकोचं नाव आठवेना.
सुरीला तो ‘पाव’ म्हणे, पावाला ‘उद्या’.
आता सगळं आठवतं.
म्हणजे सगळं.

लेहते राईचा पाव कापते, जाड, वाकडा,
मग मला बाहेर सरपणाच्या ढिगापाशी नेऊन विचारते,
थोडं कमी करता येईल का? रेडिओसारखं?

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात, समुद्र गोठला तेव्हा,
बर्फावरच्या रस्त्यानं ती निघून गेली होती
दुसऱ्या कुणाच्या गाडीतून.
बर्फ फुटायच्या आत परतली.
त्यानं दार उघडलं, चूल पेटवली, विचारलं काहीच नाही.
“मला वाटलं, माफ केलं.
तो नुसता विसरत होता गं,
रोज थोडं थोडं, तीसेक वर्षं.”

आता न्याहारीला तो सांगतो:
गाडी पिवळी होती. मागची काच फुटकी, पुठ्ठा लावलेला.
तू बाजूच्या खिडकीतून मागे वळून पाहिलंस,
दोनदा.
ओरडत नाही. तेच तर.

माझ्या अर्जावर सही रुग्णाची.
दुष्परिणामांत डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश.
लेहते कुठेच नाही.
त्यालाच विचारावं लागेल, मी म्हटलं,
आणि माझा आवाज मलाच
सरकारी वाटला.

विचारलं.
वाल्दुर टेबलावरचे पावाचे कण
बोटानं एका जागी गोळा करत राहिला.
“दोनदा,” म्हणाला.
“इतकी वर्षं मला फक्त गाडीची पाठ दिसायची.
यातलं काही कमी करू नकोस.”
मग आतल्या खोलीचा कानोसा घेत, हळूच:
“आठवलेलं तोंडाबाहेर येऊ नये,
अशी काही कळ आहे का तुझ्याकडे?”
नाही, म्हटलं. ती कंपनी बनवत नाही.

लेहते गाडीपर्यंत आली.
माशांचं पुडकं सीटवर ठेवलं, पट्टा त्याच्यावरून ओढून लावला,
जणू लहान मूल बसवतेय.
“मी वळलेच नव्हते,” ती म्हणाली.
“एकदाही नाही.”
दार लावलं. पुन्हा उघडलं.
“राहू दे. कमी करू नकोस.”

अहवालात शेवटी एक रकाना असतो:
स्मरणाची अचूकता, टक्क्यांत.
बोट सुटली, बेट मागे गेलं,
पेनाचं टोपण अजून
माझ्या दातांतच होतं.