ओल वजा जाता

गव्हर्नर हॅलोरन पडू शकतो का,
असं पेट्रोलपंपावर विचारलं मला एका पोराने.
डेस मॉइन्सहून आलेला, गळ्यात ओळखपत्र, पायात शहरी बूट.
म्हटलं, सोमवारी ये. शाळेच्या जिममध्ये.
सातला दार लावतो.

चौतीस वर्षं मी को-ऑपच्या वजनकाट्यावर बसलो.
मक्याने भरलेला ट्रक काट्यावर चढला
की आकडा मोठाच येतो.
त्या आकड्यावर कुणी पैसे देत नाही.
आधी सळई खुपसून ओल बघायची,
माल ओतून ट्रक परतला की त्याचं लोखंड वजा करायचं,
मग जो उरतो तो मका.
हॅलोरनचा आकडा ऑगस्टपासून टीव्हीवर येतोय.
त्याचा ट्रक अजून कुणी रिकामा करून पाहिलेला नाही.

सोमवारी पारा शून्याखाली चार.
एकशे तेहतीस माणसं, आणि तेवढ्यांच्या बुटांचं बर्फ
बास्केटबॉलच्या रेषांवर वितळत.
स्कोअरबोर्ड बंद करायला कुणी विसरलं होतं:
यजमान एकेचाळीस, पाहुणे अठ्ठेचाळीस,
शुक्रवारची मुलींची मॅच.

आमच्या इथे चिठ्ठी नाही, पेटी नाही.
ज्या कोपऱ्यात उभा राहशील ते तुझं मत,
आणि ते तुझ्या शेजाऱ्याला दिसतं,
दाताच्या डॉक्टरला दिसतं,
ज्याच्याकडून ट्रॅक्टरचं कर्ज घेतलंस त्यालाही.

हॅलोरनवाले घड्याळाखाली.
आर्डिथ त्याडेनने तिथे भोपळ्याच्या वड्या मांडलेल्या, निळ्या टोप्या.
"तो जिंकणारच आहे," एवढं एकच कारण तिच्याकडे,
ते ती सगळ्यांना पुरवून पुरवून वाढत होती.
गाड्याबरोबर नळ्याची यात्रा.
पण गाडा चालत होता, खोटं कशाला बोलू:
पहिल्या मोजणीला अडुसष्ट.
विनिफ्रेड सॉटर, सत्तेचाळीस, चढायच्या दोरांखाली घोळका करून.
स्ट्राउडकडे अठरा.
वीस लागतात.
मी शिट्टी फुंकली. पंधरा मिनिटं, दुसरी जागा शोधा.

आर्डिथने त्यांना आकडेवारी सांगितली.
सॉटरकडून मर्ल फ्रीस आला,
ज्याच्या पिकअपखाली गेल्या वसंतात डेल कूपमनचं कुत्रं गेलं होतं.
सॉटरबद्दल एक शब्द नाही.
डेलसमोर उभा राहिला, हातमोजे काढले, म्हणाला,
"तिकडे हीटरजवळ जागा आहे."
डेलने बराच वेळ स्कोअरबोर्ड वाचला.
मग गेला. त्याच्यामागून त्याची बायको, दोघं शिक्षक,
लायब्ररीतली ती उंच बाई.
सतरा.

राहिली लव्हॉन हेमन, वय एक्क्याण्णव,
वॉकरच्या पायांना टेनिसचे चेंडू,
बरोबर मधल्या वर्तुळात.
दोन्हीकडून कुणी हाक मारली नाही.
ती वळली घड्याळाकडे.
निम्मं मैदान, चार मिनिटं, चेंडूंचा लाकडावर घासत जाणारा आवाज.
"जन्मभर हरणाऱ्यांत उभी राहिले," ती पोचल्यावर म्हणाली,
"जिंकणाऱ्यांत कसं वाटतं ते बघू दे एकदा."
आर्डिथने टोपी पुढे केली.
"टोपी नको, केस दबतात." वडी घेतली, दोन.

एकोणसत्तर. चौसष्ट.
वाटायचे प्रतिनिधी सहा.
भागाकार मी पेन्सिलने तीनदा केला.
तीन. तीन.

दारात तो पोरगा, नाक लाल.
"म्हणजे? पडू शकतो?"
म्हटलं, पुढे अजून एकोणपन्नास काटे आहेत बाबा,
माझा आजच्या वजनापुरता खरा.
त्याने ते लिहून घेतलं नाही.

लव्हॉनला मी घरी सोडायला निघालो.
रेडिओवर राज्य हॅलोरनचं: दोन टक्क्यांनी.
ऑगस्टात एकतीस होते.
तो आभार मानत होता, मागे बँड,
आवाज किंचित वरच्या पट्टीत,
ओल्या मक्याचा ड्रायर दोन दिवस चालला की येतो तसा.

"मग," लव्हॉनने विचारलं, "जिंकलो का आपण?"
"इथे बरोबरी."
तिने पर्समधून रुमालात बांधलेली दुसरी वडी काढली,
निम्मी मला दिली.
"हं," ती म्हणाली. "हीटर वाढव."