अकरा दिवस

सगळे मिळून अकरा दिवस होता तो दुकानांत.
मग कंपनीची चार ओळींची दिलगिरी आली
आणि ट्रक फिरले उलट्या वाटेनं,
गावोगावच्या फळ्यांवरून त्याला उतरवत.
नजरचुकीनं राहिले ते बावीस.
त्यातला एक माझ्याकडे, ओमारूत,
जिन्याखालच्या कपाटात, उन्हापासून लांब.

सील शाबूत. मी कधी फोडलं नाही.
वीतभर योद्धा, हातात भाला,
तोंडावर काळंनिळं गोंदण,
खोक्याच्या पाठीवर छापलेलं: वय वर्षे चार ते दहा.
बायको गेली त्या वर्षी घेतला,
टपालखात्याच्या फंडातून. महागच पडला.
पण ज्याची माफी मागितली जाते
त्याचा भाव चढतो,
एवढं तोवर कळलं होतं मला.

गेल्या मंगळवारी मेरेआना आली,
गरम पाण्याची टाकी गळत होती म्हणून.
पाइप त्या कपाटातूनच जातो.
एकेक खोका बाहेर ठेवता ठेवता
हा हाती आला तशी थांबली, टॉर्च जवळ नेला,
आणि आधी हसलीच, मोठ्यानं.
"अहो ड्यूगल्ड, याची हनुवटी बाईची आहे!"

मग टाकीखाली आडवी होऊन, पाना फिरवत
सांगत राहिली. आजीच्या हनुवटीवर होत्या रेषा,
अशाच, म्हणजे अगदी अशा नव्हेत.
रेषेत माहेर असतं. कुठली नदी, कुणाची लेक.
नाव विचारावं लागत नाही.
"हा गडी मात्र कुणाचाच नाही.
कुणाची तरी आजी उचलून चिकटवलीय तोंडाला,
तीही अर्धीच."
वॉशर बदलला. पंचेचाळीस डॉलर. चहा नको म्हणाली.

वीस वर्षं मी खोक्याचे कोपरे जपले.
चेहरा वाचायचा असतो
हे सुचलंच नाही,
आणि हयातभर पत्ते वाचत आलो मी.

अपुऱ्या पत्त्याच्या पत्रांना
एक खण असायचा आमच्याकडे, खिडकीजवळ.
पाठवणाऱ्याकडे परत जायची ती.
कंपनी कधीच बुडाली.
लिलाववाल्याचा फोन दोनदा येऊन गेला.

रात्री दार उघडून बघितलं:
फरशी कोरडी.
तो तसाच, भाला उगारून,
कुणा बाईच्या हनुवटीनं
काहीतरी सांगायच्या बेतात.